मोटारींना मज्जाव असलेली वाट

मे संपत आला की इथल्या लोकस्टच्या झाडांना फुलं येतात आणि माझं डोकं फिरतं. शेवग्यासारखे पांढरे, लोंबते घोस. वास मात्र लिंबाच्या बहरासारखा, गोड आणि दाट. गाडीची काच खाली केली की आत शिरतो आणि दिवसभर निघत नाही. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयपासून थोडं उत्तरेला एक जुनी रेल्वेलाइन होती. तिचे रूळ उपटून तिथे ट्रेल केला आहे, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. ट्रेलच्या तोंडाशी लाकडी खांब रोवलेत, मोटार आत जाऊ नये म्हणून. त्या खांबांसमोरच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावतो आणि बसून राहतो. उतरत नाही. घरी सांगून येतो की यार्डवर चाललोय.

दुसऱ्या कुणाला या वासाने प्रसन्न वाटत असेल. आया मुलांना उचलून घेतात आणि तो घोस हुंगायला देतात. मला तीन वर्षांपूर्वीचा मे आठवतो, त्याच्याबरोबर राग येतो, आणि राग ओसरला की खाली जे उरतं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

तो मे मी फ्रान्समध्ये काढला. बरगंडी नावाचा भाग, तिथला एक जुना कालवा, आणि कालव्याच्या काठाने गेलेली सायकलची वाट. मी आणि माझी मुलगी केतकी, दोघंच. बेत आठ दिवसांचा होता. मी पाचव्या दिवशी परत फिरलो.

आधी त्या वाटेबद्दल सांगतो, कारण वाटेचा काही दोष नव्हता. कालव्यातून पूर्वी मालाच्या होड्या जायच्या आणि काठावरून चालणारे घोडे दोरखंडाने त्या ओढायचे. घोडे गेले, माल ट्रकने जाऊ लागला, काठ तेवढा राहिला. त्याच्यावर आता बारीक खडी दाबून बसवली आहे आणि मोटारींना बंदी केली आहे. दोन्ही बाजूंना उंच झाडं, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. डावीकडे पाणी, हिरवं, न हलणारं. उजवीकडे कोवळा गहू, वारा आला की सगळा एकदम कूस बदलणारा. गवतात पांढऱ्याशुभ्र गाई, आपल्या खिल्लारांसारख्या, पण दुप्पट लठ्ठ आणि कसलीच घाई नसलेल्या. दर थोड्या अंतरावर लॉक, म्हणजे होड्यांचा जिना: दोन दारांमध्ये होडी कोंडायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, होडी एक पायरी वर किंवा खाली. लॉकच्या कडेला छोटं दगडी घर, दारात गुलाब, भिंतीवर पुढच्या लॉकचं अंतर लिहिलेली लोखंडी पाटी. आणि सगळ्या काठावर हीच, लोकस्टची, फुललेली झाडं.

मोटार एकही नाही. हॉर्न नाही, इंजिन नाही, ओल्या डांबरावरून टायर जाताना होतो तो सळसळता आवाजही नाही. मिशिगनमध्ये तो चोवीस तास असतो, म्हणून ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मला कानात दडे बसल्यासारखं झालं. बेडूक, झाडीतून भिंतीवरच्या घड्याळासारखा ओरडणारा कक्कू, आणि माझ्या सायकलची साखळी. स्वतःचा श्वास इतका ऐकायची मला सवय नव्हती.

कारण मी मोटारींवर जगलेला माणूस आहे. मोडक्या मोटारींवर. मिरजेहून इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या यार्डात हिवाळाभर बर्फात गुडघे टेकून अपघातातल्या गाड्यांचे सुटे भाग उतरवले. पाना हाताला चिकटायचा. पुढे ते यार्ड मीच घेतलं. शिकलेली माणसं डिग्री दाखवून पुढे जातात, मी भाव करून पुढे आलो. गाडी घेताना, भाग विकताना, जागेचं भाडं ठरवताना, डॉक्टरकडे, कार्यालयात, सगळीकडे. इथल्या मराठी लोकांत माझी ख्याती आहे. पुण्या-नागपूरहून कंपन्यांत आलेली नवी पोरं पहिली गाडी घ्यायला मला बरोबर नेतात. "काका, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा, सेल्समन आपोआप घाम पुसेल," म्हणतात. हसतात. मीही हसतो. पण ते दुकान सोडताना माझ्याकडे ज्या नजरेने बघतात तीही मला कळते. कामाचा माणूस, घरी जेवायला बोलवायचा नव्हे.

आणि माझ्या पोटी ही केतकी. ॲन आर्बरमध्ये रस्ते आखणाऱ्यांकडे नोकरी. कुठल्या रस्त्यावरून मोटारी काढून सायकली आणायच्या, ते ठरवणं हे तिचं काम. मी गाड्यांवर तिला शिकवलं आणि ती गाड्या बंद करते, असं मी चारचौघांत म्हणायचो. सगळे हसायचे. ती म्हणायची, "बाबा, सेम जोक, ट्वेंटी टाइम्स."

त्या वर्षी मार्चमध्ये ती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मेमध्ये आपण फ्रान्सला जाऊ. सायकलवर. फक्त तू आणि मी."

"आणि निखिल?" निखिल म्हणजे जावई.

"निखिल नाही. आई नाही. आपण दोघं. तिकडे गाड्या नसतात, तुझा फोन सारखा वाजणार नाही. मला तुझ्याशी नीट बोलायचंय."

"मग इथे बोल की."

"इथे तू ऐकत नाहीस."

एप्रिलभर ती दर रविवारी ॲन आर्बरहून यायची आणि याच ट्रेलवर मला सायकल चालवायचा सराव द्यायची. लहानपणी मिरजेत तासाच्या भाड्याने घेतलेल्या सायकलीनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. झाडं उघडी होती, कडेला बर्फाचे मळके ढीग. ती पुढे, मी मागे. "गिअर बदल, बाबा! टेकडीच्या आधी, नंतर नाही!" मी शिव्या घालायचो, ती हसायची. ते चार रविवार मी कुणाला देणार नाही. एवढं एक माझ्याकडे आहे.

पण माझं डोकं रिकामं बसत नाही. हिला बोलायचंय, तेही आठ दिवस, तेही फ्रान्समध्ये. याचा अर्थ हिला काहीतरी मागायचंय, आणि ते मोठं आहे. घर घ्यायचं असेल. नाहीतर निखिलला नोकरी सोडून स्वतःचं काही काढायचं असेल आणि सासऱ्याचा टेकू हवा असेल. मी दोन्हीसाठी तयारी केली. नाही म्हणणार नव्हतो. पण पहिल्या झटक्यात हो म्हणणारा बाप कसला? मी मनात ठरवलं की विषय तिला सहज काढू द्यायचा नाही. समोरच्याची गरज जितकी पिकू द्याल तितका तो वाकतो. हे मी आयुष्यभर करत आलो आणि कधी फसलो नाही.

म्हणून त्या सुंदर वाटेवर मी चार दिवस माझ्या पोरीला बोलू दिलं नाही. याहून सरळ मला लिहिता येत नाही.

पहिल्या दिवशी सायकली भाड्याने देणाऱ्याशी मी घासाघीस केली. तो नुसता "नों, मस्यू" म्हणत गोड हसत राहिला, आणि शेवटी मला दोन पंक्चरचे पॅच फुकट देऊन वाटेला लावलं. केतकी बाहेर भिंतीला टेकून उभी होती. "झालं?" तिने विचारलं. मी पॅच दाखवले. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका लॉकच्या दगडी कठड्यावर पाय सोडून पाव आणि चीज खात होतो. खाली दारांच्या फटीतून पाणी पिचकाऱ्या मारत होतं. एक राखी बगळा समोरच्या काठावर एका पायावर उभा. ती म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचं होतं."

मी म्हणालो, "आधी ती सीट वर कर. गुडघे जातील तुझे."

तिसऱ्या दिवशी सोमवार होता, गावातलं एकूण एक दुकान बंद. त्यावर मी तासभर बोललो. हे लोक धंदा कसा करतात, कुणी फुटून कसं उघडत नाही. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, मी आणि निखिल," आणि मी म्हणालो, "तो बघ, होडी येतेय, चल, लॉक कसा उघडतात बघू." होडी खरंच येत होती. लॉकवर उन्हाळ्यापुरती ठेवलेली कॉलेजातली मुलगी दांडा फिरवत होती. केतकी तिच्या मदतीला गेली. दोघींनी मिळून दार ढकललं. लाकडाच्या तुळईला पाठ लावून, पाय रोवून, हळूहळू. मी काठावर उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरगी पिकत चालली आहे. उद्या-परवा येईल स्वतःहून.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ज्या घरात मुक्कामाला होतो तिथली रीत अशी की पाहुण्यांनी घरमालकिणीच्याच टेबलावर, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आमच्याबरोबर हॉलंडचं एक निवृत्त जोडपं होतं, तेही सायकलवर. खिडकीबाहेर अजून उजेड होता. त्या जोडप्यातल्या बाईने केतकीला सहज विचारलं, "तुझा नवरा नाही चालवत सायकल?"

केतकीने चमचा खाली ठेवला आणि इंग्रजीत, अगदी सरळ सांगितलं, "आम्ही वेगळे झालो. जानेवारीत."

डच माणूस म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून." एवढंच. त्याने पावाची टोपली तिच्यापुढे सरकवली. तिने एक तुकडा घेतला. तिचे डोळे भरले होते आणि ती त्याच्याकडे बघून हसली, कशी, तर ओझं खाली ठेवल्यावर माणूस हसतो तशी.

आणि मी म्हणालो, "मीठ द्या जरा."

कारण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही माझी सवय. चार परक्या माणसांत तर नाहीच. मीठ आलं. मी ते घातलं. सूप खारट झालं आणि मी ते सगळं संपवलं.

जानेवारी. जानेवारीत दोघं संक्रांतीला घरी आले होते. निखिलने दोन गुळपोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, वाकून नमस्कार केला. आणि सगळं झालेलं होतं.

सकाळी आम्ही निघालो. दव पडलं होतं, खडी ओली होती, आणि तो वास, तो लोकस्टचा वास इतका दाटला होता की घशात चिकटत होता. मी पहिला लॉक येईपर्यंत धीर धरला.

"आईला माहीत आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"म्हणजे मी शेवटचा."

"शेवटचा नाहीस. निखिलच्या आजीला अजून सांगितलं नाहीये." ती हसवायला बघत होती. आता कळतं. तेव्हा मी पेडल जोरात मारलं.

"काल भेटलेल्या माणसाला सांगितलंस. मला नाही."

"त्यांनी विचारलं, बाबा! त्यांनी विचारलं आणि मग ते गप्प बसले. मी चार दिवस ट्राय करतेय तुझ्याशी बोलायला. चार दिवस!"

इथे थांबून मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. आपण सायकलवर आहोत, उतरायला हवं, एवढं तरी. मी उतरलो, पण बोललो वेगळंच. मी म्हणालो, "सहा महिने थांब. कागद करू नका. मी निखिलशी बोलतो."

"बाबा, नाही."

"दिवाळीपर्यंत थांब."

"नाही."

"बरं, तीन महिने. तीन महिने फक्त. मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

मी सहावरून तीनवर आलो होतो. माझ्या हिशेबाने आता तिने अर्धं पाऊल पुढे यायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "तू माझ्या लग्नाचा भाव करतोयस. तुला कळतंय का?"

मला राग आला. माझा राग कसा येतो ते माझ्या घरच्यांना विचारा, मी सांगणार नाही. काय काय बोललो तेही लिहिणार नाही. लॉकवरच्या घराची खिडकी कुणीतरी आतून बंद केली, एवढं आठवतं. ती रडली नाही. हेल्मेटचा पट्टा हातात धरून उभी होती.

शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. मग मी निघतो."

ती म्हणाली, "ओके."

मी सायकल वळवली.

आता हे ज्यांनी कधी बाजार केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निघणं हा सौद्याचा शेवट नसतो. पाठ फिरवायची. घाई करायची नाही. मागे बघायचं नाही, बघितलं की गेलं. दहा-पंधरा पावलांत मागून हाक येते. येतेच. मिरजेच्या बाजारात आली, इथे डेट्रॉइटच्या लिलावांत आली, डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात साडीच्या दुकानांतून माणसं फुटपाथपर्यंत पळत आली. मी आयुष्यात जे काही मिळवलं ते त्या दहा-पंधरा पावलांत मिळवलं.

कालवा तिथे सरळसोट होता. वळण नाही, आडोसा नाही, माणूस जाताना लांबपर्यंत दिसत राहील असा. आणि आवाज कसलाच नाही. म्हणून तर म्हणतो, ती वाट मला सोडत नाही. भर रस्त्यात असतो तर मी म्हणू शकलो असतो की ट्रकच्या आवाजात हाक ऐकू आली नसेल. तिथे मोटारी नव्हत्या. तिने नुसतं "बाबा" म्हटलं असतं, पुटपुटली असती, तरी आलं असतं ऐकू. मला कक्कू ऐकू आला. पाण्यात उडी मारणारा बेडूक ऐकू आला. दूर कुठेतरी गाईने मान हलवली तिची घंटा ऐकू आली. मी कान मागे लावून पेडल मारत होतो. एक लॉक गेला. दुसरा लॉक आला. तिथे मी मागे बघितलं.

झाडांच्या दोन रांगा, मध्ये पांढरी वाट, आणि शेवटी, जिथे रांगा एकमेकींना मिळतात तिथे, काही नाही.

मी त्या लॉकवरच्या बाकावर बसलो. सूर्य झाडांच्या वर आला. एक होडी वर चढली, एक खाली उतरली. काठाने जाणारे लोक "बोंज्यूर" म्हणत होते. परत वळायला काय लागतं? हँडल फिरवायचं. वाट तीच, खडी तीच. ती फार पुढे गेली नसती, मला माहीत होतं ती कुठल्या गावी थांबणार आहे. मी बसून राहिलो. मला वाटत होतं की मी वळलो तर आयुष्यभराचा हरलो. दुपारी मी जवळच्या स्टेशनवर गेलो, सायकल गाडीत चढवली, जिथून घेतली तिथे टाकली आणि पॅरिसला जाऊन विमान बदलून घेतलं. तिकीट बदलणाऱ्या मुलीने सांगितलं तेवढं दिलं. एक शब्द बोललो नाही.

घरी दार उघडलं ते नलूने, माझ्या बायकोने. तिने माझ्यामागे बघितलं नाही. म्हणजे तिला फोन आला होता.

"तिला वाटलं असेल की मी खरंच निघालो," बॅग ठेवत मी म्हणालो. "इथे वाढलेली पोर. हिच्या दुकानांत छापील भाव. हिला काय कळणार, माणूस निघतो म्हणजे लगेच जात नाही ते."

नलू कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "तिला सगळं कळत होतं. तुम्ही दिसेनासे झालात तसा तिने मला फोन केला. म्हणाली, आई, बाबा निघालाय, आणि तो वाट बघत असणार मी कधी हाक मारते त्याची. मी नाही मारणार."

मी म्हणालो, "का?"

"तिला विचारा." मग माझी बॅग आत नेत म्हणाली, "सात वर्षांची असताना डेव्हनला तिला हिरवं परकर-पोलकं आवडलं होतं. आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं.

"तुम्ही भाव पाडायला दुकानातून निघालात. त्या माणसाने हाक मारली नाही. मी म्हटलं, आपणच जाऊ परत, तिचा जीव अडकलाय. तुम्ही गाडी काढलीत. अर्ध्या वाटेवर कालामझू येईपर्यंत रडत होती. मग झोपली."

मी तो दिवस पुष्कळ शोधला. डेव्हन आठवते, पाऊस पडून गेलेला, पार्किंग मिळेना, मिठाईच्या दुकानाचा खव्याचा वास. हिरवं परकर-पोलकं सापडत नाही. माझ्यासाठी तो एक न जमलेला सौदा होता, आणि न जमलेले सौदे मी लक्षात ठेवत नाही. तिने मात्र ठेवला. मागच्या सीटवर बसलेल्या पोरीने त्या रस्त्यावर काय शिकून ठेवलं असेल? बाबा निघाला की वस्तू जाते, एवढंच. आणि मोठी झाल्यावर एक दिवस तिने ठरवलं, की यावेळी जाऊ दे.

आता ती ॲन आर्बरमध्येच, एका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहते. तिचं आणि निखिलचं सगळं कायद्याने, समजुतीने झालं. मला कुणी मध्ये घेतलं नाही आणि मध्ये घ्यायचं काही नव्हतंही. गणपतीला येते, दिवाळीला येते. आईशी स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलते. मी गेलो की दोघी माझ्यासाठी खुर्ची सरकवतात आणि हवामानाबद्दल बोलू लागतात. मी काही म्हटलं तर ती म्हणते, "शुअर, बाबा." गाडीचे टायर बदल म्हटलं, शुअर. दिवाळीला दोन दिवस जास्त राहा म्हटलं, "शुअर, आय विल ट्राय," आणि राहत नाही. भांडत नाही. पूर्वी कशी भांडायची! जिन्यावरून ओरडायची, दार आपटायची, पुन्हा उघडून आणखी एक मुद्दा सांगायची. धंद्यात असलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जे गिऱ्हाईक घासाघीस करतं त्याला वस्तू हवी असते. सांगितलेली किंमत निमूट ठेवून जे बाहेर पडतं, ते पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

आणि तरीही, खोटं कशाला बोलू, माझा राग गेलेला नाही. नलूला फेब्रुवारीत कळलं. कोण कुठला डच, ज्याचं नावसुद्धा मला आता आठवत नाही, त्याला माझ्याआधी कळलं. माझ्याच घरात माझ्यापासून लपवून चार महिने सण साजरे झाले. मी हे नलूला अजून ऐकवतो. ती म्हणते, "आम्ही घाबरत होतो." मी म्हणतो, "मला? मी काय वाघ आहे?" ती डबे लावत राहते. तिच्या त्या गप्प पाठीकडे बघताना मला दिसतं की चाळीस वर्षं या बाईने मला प्रत्येक बातमी आधी तोलून, वेळ बघून, मूड बघून दिली आहे. मला वाटायचं, घरात माझा शब्द चालतो. घरात माझ्याभोवती सगळे पाय न वाजवता चालत होते.

त्या दोन लॉकमधलं अंतर मी आता मनात पुन्हापुन्हा कापतो. कधी मी वळतो. कधी ती हाक मारते. कधी मी निघतच नाही, सायकल झाडाला टेकवतो, खाली बसतो आणि म्हणतो, सांग. मग ती सांगते, आणि ते काय असेल ते मला पुढे सुचत नाही, कारण निखिल आणि तिच्यात नेमकं काय बिनसलं ते मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आता विचारायचा हक्क कसा मिळवायचा, ते कळत नाही.

परवा दुपारी मी इथेच, ट्रेलसमोर, गाडीत बसलो होतो. फुलं गळायला लागली होती, बॉनेटवर पांढरा सडा. खांबांच्या पलीकडून एक माणूस आणि त्याची मोठी मुलगी सायकली ढकलत आले. तो धापा टाकत होता आणि ती त्याला चिडवत होती. मी फोन काढला आणि केतकीला लावला. कामाच्या वेळी मी कधी करत नाही. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा? आई ठीक आहे ना?"

"आहे, आहे. मस्त आहे."

"मग काय झालं?"

"काही नाही. सहज केला."

तिच्या पाठीमागे ऑफिसातले आवाज. "सहज?"

"हो. कशी आहेस?"

"आय'म गुड. बाबा, तुला काय हवंय? सांग ना, मी करून टाकते. मला दहा मिनिटांत मीटिंग आहे."

"काही नको गं."

"ओके..." तिचा आवाज सावध झाला. तो आवाज मी ओळखतो. समोरचा काही मागत नाही, म्हणजे नक्कीच मोठं मागणार आहे, असं वाटतं तेव्हाचा. "बाबा, रिअली. व्हॉट इज इट?"

खरंच काही नको होतं. सत्तरीला आलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता फोन केला होता. पण हे तिला पटवायला बसलो असतो, तर ती पुन्हा घासाघीसच झाली असती. मी काचेवरची फुलं बघितली आणि म्हणालो, "ते आपलं... आईच्या मराठी नाटकांच्या ॲपचा पासवर्ड. विसरलो मी."

"ओह!" ती हसली. किती दिवसांनी मोकळी हसली. "बाबा, तेवढंच? पाठवते. बाय!"

मिनिटभरात मेसेज आला. पासवर्ड मला पाठ होता. दर आठवड्याला नलूला मीच लावून देतो. खाली तिने लिहिलं होतं, "आणखी काही?"

मी बराच वेळ अक्षरांवर अंगठा धरून बसलो. मग लिहिलं, "नाही, एवढंच होतं."